न कापणारी कात्री

व्हिडिओ-संकलनाचे एखादे साधे सॉफ्टवेअर संगणकावर उघडले की पडद्याच्या खालच्या भागात एक आडवी पट्टी दिसते. तिला टाइमलाइन म्हणतात. चित्रित केलेला तुकडा, म्हणजे क्लिप, आपण या पट्टीवर आणून ठेवतो. क्लिप लांबली असे वाटले तर तिची उजवी कड माउसने पकडून डावीकडे सरकवतो. २० सेकंदांची क्लिप १२ सेकंदांची होते. मग लक्षात येते, की परीक्षानळीतला रंग पुरता बदलण्याआधीच चित्र संपते आहे. तीच कड पुन्हा उजवीकडे ओढली की गेलेले ८ सेकंद जसेच्या तसे परत येतात.

हे ८ सेकंद मधल्या वेळात कुठे होते? वर्गात विचारून पाहण्यासारखा प्रश्न आहे. उत्तर असे, की ते कुठेही गेले नव्हते. आपण 'कापले' असे म्हणतो खरे, पण मूळ चित्रणाला कोणी हातसुद्धा लावलेला नसतो. सॉफ्टवेअरने स्वतःपाशी दोन आकडे लिहून ठेवलेले असतात: अमुक चित्रण इथपासून दाखवायचे आणि तिथपर्यंत दाखवायचे. कड ओढली की त्यांतला एक आकडा बदलतो. बस, एवढेच.

आज हे इतके सहज वाटते, की यात शोध लावण्यासारखे काही असेल असे मनातही येत नाही. पण सिनेमा लोकांसमोर आला १८९५ साली, आणि चित्राला इजा न करता त्याची लांबी बदलण्याची ही युक्ती यंत्रात उतरली १९७१ साली. मधली ७६ वर्षे खरोखरच्या कात्रीची, चिकटद्रवाची आणि दाढीच्या पात्याची होती. कात्रीकडून आकड्यांकडे झालेल्या या प्रवासाची हकीकत आपण पाहू.

फुटांत मोजलेला वेळ

वेळ हातात धरता येत नाही. फिल्मने तो हातात धरता येईल असा केला. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या १ फुटात १६ चित्रे, म्हणजे १६ फ्रेम बसतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम दाखवत असे धरले (ही गती काही पक्की नव्हती, कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवणाऱ्याच्या मनगटावर ती अवलंबून असे), तर १ फूट म्हणजे १ सेकंद. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ फ्रेम हे प्रमाण ठरले. १ सेकंद दीड फुटाचा झाला आणि मिनिट ९० फुटांचे. आपल्याकडे कापडाच्या दुकानात नाकापासून लांब केलेल्या हाताच्या बोटांपर्यंत कापड ताणून वार मोजत. हॉलिवूडमधले जुने संकलक फिल्मही तशीच मोजत. ३ फूट म्हणजे मूकपटातले ३ सेकंद!

हा हिशेब शक्य झाला तो फिल्मच्या कडांवरच्या भोकांमुळे. दर फ्रेमला दोन्ही कडांवर चार-चार भोके असतात. यंत्राच्या दातेरी चाकाचे दाते त्यांत अडकतात आणि फिल्म नेमकी एका फ्रेमएवढी पुढे सरकते. कात्री कुठे चालवायची हेही भोकेच सांगतात. चार भोके मोजली की एक फ्रेम संपली. पुढे आपल्याला जे आकडे भेटणार आहेत त्यांचे पूर्वज म्हणजे ही भोके.

महाराष्ट्रात तर ही भोके घरात पाडली गेली. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी केले. कोरी फिल्म तेव्हा भोकांविना येत असे. ती अंधारात यंत्रातून काढण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले आणि निभावले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. फुटाला एका कडेवर ६४ भोके धरली तर एका प्रतीच्या एकाच कडेवर २ लाख ३६ हजारांहून अधिक भोके होतात. चित्रपटाच्या इतिहासात या भोकांना फारशी जागा मिळत नाही, म्हणून इथे मुद्दाम हिशेब मांडला.

त्या चित्रपटाच्या आधी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणे पेरून त्यांनी समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थांबून थांबून चित्रे घेतली. पडद्यावर हा महिना मिनिटाभरात उलगडला. मिनिटाला ९६० फ्रेम धरल्या आणि त्या महिनाभरात सारख्या वाटल्या, तर सरासरी दर ४५ मिनिटांनी एक फ्रेम येते. या फिल्ममुळे मोठ्या चित्रपटासाठी भांडवल मिळायला मदत झाली हे प्रसिद्धच आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने गंमत वेगळी आहे. इथे काहीही कापलेले नाही, तरी वेळ आखडला आहे. वेळ लहान करण्याच्या दोन रीती आहेत: नको तो भाग काढून टाकणे, किंवा सगळा भाग ठेवून तो वेगाने दाखवणे. नवशिक्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही कामे करणारी बटणे बहुधा जवळजवळच असतात आणि दोन्हींमुळे क्लिप आखूडच होते. हा फरक लक्षात ठेवू या. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

कात्री आणि चिकटद्रव

सुरुवातीला लांबी ठरवायला संकलक लागत नव्हता. ल्युमिए बंधूंच्या फिल्म सुमारे १७ मीटर लांब असत आणि पाऊण मिनिट ते मिनिटभर चालत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या त्या अशाच. कॅमेऱ्यातली फिल्म संपली की दृश्य संपले. तुकडे कापून जोडले तर गोष्ट सांगता येते हे हळूहळू उमगले. एडविन पोर्टर यांचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' (१९०३) हा त्या वाटेवरचा ठळक टप्पा.

रशियात या जोडकामाचे शास्त्र करण्याचा प्रयत्न झाला. लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या आसपास इव्हान मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे चित्र एकदा सूपच्या थाळीला जोडले, एकदा शवपेटीला, एकदा एका स्त्रीच्या चित्राला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली असे सांगतात. ती फिल्म आज उपलब्ध नाही, पण हा प्रयोग सगळीकडे शिकवला जातो. लांबीचा प्रयोग मात्र त्या मानाने कमी सांगितला जातो. सर्गेई आयझेनस्टाईन यांच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' (१९२५) मध्ये ओडेसाच्या पायऱ्यांवरून लोक जिवाच्या आकांताने पळतात. आखूड आखूड तुकडे एकमेकांत गुंफल्यामुळे ते दृश्य, पायऱ्या उतरायला प्रत्यक्षात लागेल त्याहून कितीतरी जास्त वेळ चालते. म्हणजे कात्रीने वेळ लांबवताही येतो! आणि झिगा व्हर्टोव्ह यांच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' (१९२९) मध्ये तर संकलिका येलिझावेता स्विलोव्हा स्वतःच पडद्यावर दिसतात. शेल्फात फिल्मच्या गुंडाळ्या ओळीने लावलेल्या आहेत, आणि त्या हातातली पट्टी उजेडावर धरून कुठे कापायचे ते पाहत आहेत. संकलन म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले दृश्य आम्हाला माहीत नाही.

त्या टेबलावर लांबी बदलणे किती कठीण होते ते पाहा. दोन तुकडे जोडायचे तर एका टोकावरचा चित्राचा थर खरवडायचा, दुसरे टोक त्यावर किंचित चढवायचे, मध्ये चिकटद्रव लावायचे आणि दाबून धरायचे. हे द्रव फिल्मचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन्ही टोके एकजीव होतात. जोड पक्का होतो खरा, पण तो चुकला असे वाटले की पंचाईत. पुन्हा कापायचे म्हणजे जोडाजवळची फ्रेम गेली. कड जराशी आत घेऊन पाहू, जराशी बाहेर नेऊन पाहू, असा प्रत्येक प्रयत्न फिल्म खात असे. गेलेल्या फ्रेमच्या जागी संकलक काळ्या फिल्मचा तुकडा भरत, म्हणजे निदान आवाजाशी मेळ राही.

मूळ निगेटिव्हवर असे प्रयोग करणे म्हणजे आगीशी खेळ, आणि हे शब्दशः खरे होते. तेव्हाची नायट्रेट फिल्म भडकन पेट घेई. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी कॅनडाच्या उत्तरेकडे इनुइट लोकांमध्ये राहून चित्रण केले होते. १९१६ च्या सुमारास संकलनाचे काम चालू असताना त्यांच्या सिगारेटने निगेटिव्ह पेटली आणि सुमारे ३०,००० फूट फिल्म जळून गेली. संकलनासाठी काढलेली एक प्रत वाचली, पण त्या काळी अशा प्रतीवरून चांगली निगेटिव्ह पुन्हा करता येत नसे; शिवाय ती प्रत त्यांना फारशी पसंतही नव्हती. ते पुन्हा उत्तरेकडे गेले. पुढे १९२२ साली पडद्यावर आलेला 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा या दुसऱ्या खेपेचा.

यावर मार्ग निघाला तो साधा, पण फार दूरवर नेणारा. निगेटिव्ह कुलुपात ठेवायची आणि तिची एक स्वस्त प्रत काढून कात्री फक्त त्या प्रतीवर चालवायची. ओरखडे पडोत, तेलाचे डाग पडोत, काही बिघडत नाही. मात्र प्रत मनासारखी झाल्यावर निगेटिव्ह नेमकी त्याच ठिकाणी कापायला हवी. ती जागा ओळखायची कशी? यासाठी फिल्म तयार करणारा कारखानाच तिच्या कडेला दर फुटावर क्रमांक छापू लागला. निगेटिव्हवरचा क्रमांक प्रतीवरही उमटे. सगळे ठरले की दुसरा कारागीर क्रमांक जुळवून निगेटिव्ह एकदाच कापी.

इथे क्षणभर थांबायला हवे. कुठे कापायचे हा निर्णय आणि प्रत्यक्ष कापणे, ही दोन कामे इथे पहिल्यांदा वेगळी झाली. क्रमांकांची यादी हाती असली की निर्णय कागदावर लिहिता येतो, दुसऱ्याकडे पाठवता येतो. पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज या कडेच्या क्रमांकांत आहे असे आम्हाला वाटते.

बाकीच्या सुधारणा सोयीच्या होत्या. आयवन सेरुरिए या अभियंत्याने घरी सिनेमा पाहण्यासाठी एक यंत्र केले होते. ते महाग असल्याने फारसे खपले नाही. १९२४ साली डग्लस फेअरबँक्स यांच्या स्टुडिओतल्या संकलकाच्या सूचनेवरून त्याने ते टेबलावर उभे केले, आणि मूव्हिओला हे संकलनयंत्र जन्मले. चित्र हलताना पाहत पाहत हवी ती फ्रेम थांबवता येऊ लागली. (विज्ञानशिक्षकांना यात आणखी एक ओळखीचा धागा सापडेल. आयवन यांचा मुलगा मार्क यानेच माउंट पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीचा सांगाडा आखला. दुर्बीण कलली तरी तिचे आरसे एका रेषेत राहतील असा हा सांगाडा आजही 'सेरुरिए ट्रस' या नावाने ओळखला जातो.) पुढे इटलीत लिओ कातोत्सो या संकलकाने चिकटपट्टीने जोड करण्याचे साधन बनवले. पट्टी सोलली की जोड सुटे आणि एकही फ्रेम वाया जात नसे. कड आत-बाहेर करून पाहण्याची मुभा मिळाली, पण काम अजून हाताचे आणि तुकड्यांचेच होते.

न दिसणारे चित्र

१४ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत शिकागो येथे अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेप रेकॉर्डर दाखवला. दूरदर्शन कार्यक्रम चुंबकीय फितीवर नोंदता येऊ लागला. धुण्याची, वाळवण्याची गरज उरली नाही. संकलनाच्या दृष्टीने मात्र हे पाऊल मागे पडले.

कारण उघड आहे. फिल्म उजेडावर धरली की चित्र दिसते. चुंबकीय फीत कशीही धरा, तपकिरीच दिसते. भोकेही नाहीत. मग कापायचे कुठे? लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांचे द्रव फितीवर लावत. चुंबकत्व असेल तिथे कण गोळा होत आणि नोंदीच्या रेषा उमटत. चुंबकाभोवती लोहकीस पसरण्याचा शाळेतला प्रयोग आठवा, तोच इथे रोजीरोटीला लागला होता. सूक्ष्मदर्शकाखाली दोन फ्रेममधली सीमा शोधून दाढीच्या पात्याने फीत कापायची आणि मागून पातळ धातूची चिकटपट्टी लावायची. सीमा किंचित चुकली तरी जोडापाशी चित्र उडी मारी. त्यात यंत्रामध्ये आवाज वाचण्याची जागा चित्र वाचण्याच्या जागेपासून काही इंच दूर. म्हणजे चित्र बरोबर कापले की आवाज चुकीच्या ठिकाणी तुटे.

यातून सुटका झाली ती कापणे सोडून दिल्यामुळे. एका यंत्रावर मूळ फीत लावायची, दुसऱ्यावर कोरी, आणि हवा तेवढाच भाग उतरवून घ्यायचा. आपल्याकडे १९८० आणि १९९० च्या दशकांत लग्नाच्या कॅसेटी दोन व्हीसीआर जोडून अशाच तयार होत. अनेक वाचकांनी ते पाहिले असेल. मूळ फीत शाबूत राहते, ही मोठीच सोय. पण नवे दुखणे असे, की सगळे ओळीने करावे लागे. अर्ध्या तासाचा कार्यक्रम उतरवून झाला आणि वाटले, की पाचव्या मिनिटाला ३ सेकंद वाढवायला हवेत. आता काय करणार? शाईने लिहिलेल्या निबंधात मध्येच एक ओळ घालायची झाली तर पुढची सगळी पाने पुन्हा उतरवावी लागतात, तशीच गत. नकलेवरून नक्कल काढावी, तर दर नकलेला चित्र अधिक धूसर होणार. फितीवर क्लिपची लांबी बदलणे फिल्मपेक्षाही महाग पडू लागले.

प्रत्येक फ्रेमला क्रमांक

अडचण मुळात खुणेची होती. फिल्मला भोके होती, कडेचे क्रमांक होते; फितीवर यांपैकी काही नव्हते. उत्तर आले ते अवकाशयुगातून. क्षेपणास्त्रे आणि याने यांच्याकडून येणारी मापने फितीवर नोंदताना सोबत वेळेची नोंद करण्याची पद्धत आधीच होती. १९६७ साली ईईसीओ या अमेरिकन कंपनीने त्याच धर्तीवर व्हिडिओसाठी टाइमकोड तयार केला. प्रत्येक फ्रेमसोबत तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा पत्ता नोंदायचा: ०१:१२:०७:१८ म्हणजे १ तास, १२ मिनिटे, ७ सेकंद आणि त्यापुढची १८ क्रमांकाची फ्रेम. हा पत्ता द्विमान अंकांत लिहिलेला असतो. फ्रेमला ८० अंक, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २,००० अंक. ते ध्वनीच्या पट्ट्यावर नोंदता येत, आणि ऐकले तर कर्कश किरकिर ऐकू येई.

गणिताच्या शिक्षकांसाठी इथे एक छान उदाहरण दडले आहे. अमेरिकेत रंगीत चित्रवाणी आली तेव्हा सेकंदाला ३० ऐवजी २९.९७ फ्रेम असे अडनिडे प्रमाण पत्करावे लागले. टाइमकोड ३० च्या हिशेबाने मोजत राहिला तर तासाला १०८ फ्रेमची, म्हणजे ३.६ सेकंदांची तफावत पडते. उपाय काय केला? दर मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे दोन क्रमांक गाळायचे. फ्रेम नव्हे, फक्त क्रमांक! असे केल्याने तासाला ६० × २ = १२० क्रमांक गळतात, १२ जास्त. म्हणून दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत: ६ × २ = १२. उरले १०८. लीप वर्षाचा नियम आणि त्याला शतकाच्या वर्षांचा अपवाद ज्यांनी शिकवला आहे त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

एकदा प्रत्येक फ्रेमला पत्ता मिळाला, की क्लिप म्हणजे दोन पत्ते. लांबी म्हणजे त्यांची वजाबाकी. आणि वजाबाकी करायला संगणक बसलेलाच होता.

१९७१ साली सीबीएस आणि मेमोरेक्स या कंपन्यांच्या भागीदारीतून सीएमएक्स ६०० हे यंत्र आले. चित्रे संगणकाच्या चुंबकीय तबकड्यांवर नोंदलेली असत. तबकड्यांची पेटी धुलाईयंत्राएवढी, अशा कितीतरी पेट्या, आणि सगळ्या मिळून सुमारे अर्ध्या तासाचे कृष्णधवल, धूसर चित्र मावे. संकलक प्रकाश-लेखणीने पडद्यावर खूण करी. तबकडीवरचे कोणतेही चित्र चटकन सापडत असल्यामुळे काहीही उतरवून न घेता नुसत्या क्रमाने दाखवता येई. लांबी बदलायची? आकडा बदला आणि पुन्हा पाहा. यंत्र इतके महाग होते, की मोजकेच नग विकले गेले. पण त्यातून बाहेर पडणारी निर्णयांची यादी टिकून राहिली. एका ओळीत फितीचे नाव, कुठून, कुठपर्यंत, आणि कार्यक्रमात कुठे. हा कागद घेऊन दुसऱ्या यंत्रावर मूळ, सुस्पष्ट फितीवरून कार्यक्रम तयार करता येई. कडेच्या क्रमांकांवरून निगेटिव्ह कापणाऱ्या कारागिराचीच ही पुढची पिढी.

या यादीला चित्ररूप मिळाले आणि आपली टाइमलाइन आली. १९८४ साली लुकासफिल्मने दाखवलेल्या एडिटड्रॉइड या यंत्रात चित्रे लेझर डिस्कवर असत आणि कार्यक्रमाचे तुकडे पडद्यावर पट्टीसारखे आडवे मांडलेले दिसत. वेळ डावीकडून उजवीकडे वाहतो ही कल्पना आपल्याला निसर्गदत्त वाटते, पण ती कोणीतरी रुजवावी लागली. त्यात एक वाटा रसायनशास्त्राच्या पुस्तकात भेटणाऱ्या जोसेफ प्रीस्टली यांचा आहे. ऑक्सिजनवर प्रयोग करण्याच्या कितीतरी आधी, १७६५ साली, त्यांनी थोरांच्या आयुष्यांचा एक तक्ता छापला होता. प्रत्येक माणूस म्हणजे एक आडवी रेघ; जन्मापाशी सुरू, मृत्यूपाशी संपलेली. टाइमलाइनवरची क्लिप दिसायला अगदी तशीच असते.

१९८९ साली अ‍ॅव्हिड कंपनीचे यंत्र मॅकिंटॉश संगणकावर आले आणि चित्रे पूर्णपणे अंकांत उतरली. सुरुवातीला ती इतकी ओबडधोबड दिसत, की प्रक्षेपणाच्या उपयोगाची नव्हती. पण त्याने अडले नाही. हवी होती ती यादी. 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) हा चित्रपट वॉल्टर मर्च यांनी आधी फिल्मवर आणि मग मध्येच अ‍ॅव्हिडवर नेऊन संकलित केला. त्याला संकलनाचे ऑस्कर मिळाले आणि संगणकावरच्या संकलनाला मिळालेला तो पहिला मान ठरला. याच मर्च यांनी एक उणीवही नोंदवून ठेवली आहे. जुन्या यंत्रावर हवा तो तुकडा शोधताना फिल्म पुढेमागे करावी लागे आणि वाटेत न शोधलेलेही काही नजरेस पडे. संगणक मागितलेलेच आणून देतो. शब्दकोशात एक शब्द पाहताना शेजारचे चार शब्द वाचले जातात हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ही खंत पटेल.

शिवणातली माया

त्यानंतरचा भाग भराभर घडला. अडोबीचे प्रीमियर १९९१ साली आले, अ‍ॅपलचे आयमूव्ही १९९९ साली, आणि २००० साली विंडोजसोबत मूव्ही मेकर फुकट मिळू लागला. मूव्ही मेकर २०१७ साली बंद झाला. आज ओपनशॉट आणि शॉटकट यांसारखी विनामूल्य सॉफ्टवेअरे शाळेच्या साध्या संगणकावर चालतात. सीएमएक्सच्या पेट्यांत न मावणारे चित्रण आता विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनमध्ये असते.

हा इतिहास माहीत असला तर नवशिक्याला छळणारी कोडी आपोआप सुटतात. क्लिपची कड एका मर्यादेपलीकडे ओढली जात नाही, कारण तिथे मूळ चित्रणच संपलेले असते; न घेतलेले चित्र आकडा वाढवून कुठून येणार? छायाचित्र मात्र हवे तेवढे लांबवता येते, कारण एकच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवायची असते. मधली क्लिप आखूड केल्यावर कधी पोकळी उरते, तर कधी पुढच्या सगळ्या क्लिपा मागे सरकतात. दोन्ही ठिकाणी क्लिपचे दोन आकडे तेच असतात. फरक पडतो तो यादीतल्या 'कार्यक्रमात कुठे' या तिसऱ्या आकड्याने. एक चित्र विरत विरत दुसरे उमटावे असे हवे असेल, तर दोन्ही क्लिपांच्या लपलेल्या टोकांत थोडे चित्रण शिल्लक लागते. शिंपी शिवणीत माया ठेवतो तसेच हे. म्हणून चित्रण करताना प्रयोग सुरू होण्याआधी पाच सेकंद आणि संपल्यावर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवावा.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो पेनड्राइव्हमुळे. विद्यार्थी पेनड्राइव्हवरचे चित्रण टाइमलाइनवर मांडतो, दोन दिवस काम करतो, काम जपून ठेवतो आणि पेनड्राइव्ह काढून घेतो. तिसऱ्या दिवशी उघडावे तर क्लिपांच्या जागी रिकाम्या चौकटी. जपून ठेवलेल्या फाइलमध्ये चित्र नव्हतेच, फक्त यादी होती. निगेटिव्ह दुसऱ्याच्या कपाटात गेली. आधी सारे चित्रण संगणकावर एका ठिकाणी उतरवून घ्यावे आणि मगच कामाला लागावे. 'कापलेला' भाग पुसण्यासाठी मूळ फाइल काढून टाकण्याचा मोहही याच कारणाने टाळायला हवा.

आता वेगाच्या त्या बटणाकडे वळू. वर्गात करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. १ मीटर लांबीचा लंबक करा आणि तो फोनच्या कॅमेऱ्याने अर्धा मिनिट चित्रित करा. बहुतेक फोन सेकंदाला सुमारे ३० फ्रेम घेतात. क्लिप टाइमलाइनवर ठेवा. लंबक एका टोकाला पोचल्याची फ्रेम शोधून डावी कड तिथे आणा. बरोबर १० आंदोलने मोजून उजवी कड आणा. क्लिपची लांबी २० सेकंदांच्या जरा वर, म्हणजे सुमारे ६०२ फ्रेम येईल. त्यावरून आवर्तकाल काढा आणि नेहमीच्या सूत्राने गुरुत्व त्वरण, ते ९.८ च्या आसपास यावे. घड्याळ दाबण्याच्या घाईतून होणारी चूक इथे टळते, कारण कड एकेका फ्रेमने पुढेमागे करून पाहता येते.

मग तीच क्लिप वेग दुप्पट करून आखूड करा. एकही आंदोलन कापलेले नाही, लंबकही झुलताना छान दिसतो, पण लांबी १० सेकंदांवर आली आहे. हे चित्रण दुसऱ्या तुकडीला वेगाची गोष्ट न सांगता द्या आणि त्यावरून तेच गणित करायला सांगा. आवर्तकाल निम्मा, म्हणून त्वरण चौपट. दर सेकंदाला सेकंदामागे ३९ मीटर! एवढे तर गुरू ग्रहावरही नाही.